लोयांगची लेणी आणि आपली वर्गणीची वही
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर राबणारा माणूस. शाळा सातवीपर्यंत, पुढचे शिक्षण ह्याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर झाले. मुलगी नोकरीला लागली आणि २०१९ साली तिने मला सहलीबरोबर चीनला नेले. त्यातला एकच दिवस आज सांगतो. लोयांगचा.

सकाळी बस निघाली. गाइडच्या हातात झेंडी, आणि आम्ही मेंढरांसारखे तिच्यामागे. पहिले ठिकाण श्वेताश्व विहार. तिथली परंपरा अशी की, पांढऱ्या घोड्यांवर ग्रंथ लादून काश्यप मातंग आणि धर्मरत्न हे दोन भारतीय भिक्खू आले आणि त्यांच्यासाठी हान सम्राट मिंग याने इ. स. ६८ मध्ये हा विहार बांधला. दोघांच्या समाध्या आवारातच आहेत. तिथे मी पंचांग प्रणाम केला. जवळच सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवर भारतीय पद्धतीचा विहार आहे. त्याचे उद्घाटन २०१० साली तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले. आपल्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा ह्युएनत्संग, तोही ह्याच लोयांगजवळचा.

मग रेशमाच्या दुकानात एक तास, आणि लेण्यांना दोन तास! सहलवाल्यांचा हिशोब हा असा असतो बरं का.

यी नदीकाठची लाँगमेन लेणी इ. स. ४९३ च्या सुमारास कोरायला सुरुवात झाली. दोन हजारांवर गुंफा आणि कोनाडे, मूर्ती लाखाच्या घरात. मधोमध १७ मीटर उंचीचा वैरोचन बुद्ध, इ. स. ६७५ मध्ये पूर्ण झालेला. त्यासाठी सम्राज्ञी वू हिने आपल्या शृंगाराच्या खर्चातून वीस हजार नाण्यांच्या माळा दिल्या, असा तिथला शिलालेख सांगतो. सगळे तिथे फोटो काढत होते.

मी पुढे गुयांग गुंफेकडे गेलो. भिंतीवर वीतभर कोनाडे, आणि त्यांच्याशेजारी अक्षरे. मी गाइडला विचारायला लावले. मुलीने समजावून सांगितले, "बाबा, ही दान देणाऱ्यांची नावं आहेत." कुणी मेलेल्या मुलासाठी दान दिलेले, कुणी आईबापांसाठी. एके ठिकाणी तर दोनशे लोकांनी मिळून मूर्ती कोरून घेतलेली. पुष्कळ मूर्तींची मुंडकी चोरांनी तोडून नेली आहेत. एका गुंफेतले राजाराणीच्या मिरवणुकीचे शिल्प तर १९३० च्या दशकात फोडून नेले, ते आज अमेरिकेत आहे. पण त्या साध्या माणसांची नावे दीड हजार वर्षे जागेवर आहेत.

आपल्याकडे काय वेगळे आहे? नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, तिथे उषवदाताचा लेख आहे. विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव, दरमहा शेकडा एक व्याज, आणि त्या व्याजातून भिक्खूंना चीवर. म्हणजे आमच्या धंद्यातले लोक तेव्हा संघाच्या वस्त्राची जबाबदारी सांभाळत होते!

हे पाहून मला आनंद झाला आणि लाजही वाटली. कारण सांगतो. हा विहार बांधला तेव्हा समितीत मी होतो. ५०१ रुपयांच्या वरच्यांचीच नावे संगमरवरी पाटीवर घालायची, असे ठरले. हात वर करणाऱ्यांत मी पहिला. माझ्या आईने पदराच्या गाठीतले पाच रुपये दिले होते. तिचे नाव पाटीवर नाही. तुमच्यातही अनेकांच्या आयांची नाहीत. ती नावे वर्गणीच्या वहीत आहेत, आणि ती वही कपाटात कसर खाते आहे.

माझी विनंती एवढीच. येत्या रविवारी तरुण मुलामुलींनी ती वही घेऊन बसावे, सगळी नावे उतरवून काढावीत आणि पुढच्या वर्धापनदिनाआधी दुसरी पाटी लागावी. पाच रुपयेवाल्यांचीही. खर्चाची पहिली वर्गणी माझी. माझे नाव नको, आईचे लिहा.

नमो बुद्धाय. जय भीम.