मस्टर बंद झाल्यावर काय उरते?



या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. आभार इथेच आवरतो, कारण भोजनाची वेळ संयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत आधीच छापून टाकली आहे आणि ती माझ्यापेक्षा जास्त लोकांनी वाचलेली दिसते.

मंदी आली की सरकारने हात सैल सोडावा का, या वादात आता फारसा दम उरलेला नाही. २००८ नंतर अमेरिकेने, चीनने, आपण, सगळ्यांनीच तो सोडला. २०२० मध्ये पुन्हा सोडला. खरा अडचणीचा प्रश्न त्यापुढचा आहे. या खर्चातून जे काम मिळते, ते टिकते का? अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये ७८७ अब्ज डॉलरच्या खर्चाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथली बेरोजगारी १० टक्क्यांवर पोहोचली. विरोधक म्हणाले, पैसा पाण्यात गेला. समर्थक म्हणाले, खर्च केला नसता तर आकडा आणखी चढला असता. कायदा झालाच नसता तर काय झाले असते, याची दोघांनी आपापली कल्पना केली होती आणि त्या कल्पनेशी ते तुलना करत होते. अशी तुलना केल्याशिवाय इलाज नसतो, पण तिथे अडकून पडायची आपल्याला गरज नाही. आपल्या घरातच पन्नासहून अधिक वर्षांचा एक प्रयोग पडून आहे. त्याचा खर्च आपण आजही भरतो आहोत. या सभागृहातल्या नोकरदारांनी आपली पगारपत्रके आठवावीत. बहुतेकांच्या पगारातून दरमहा २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. १९७५ साली हा व्यवसाय कर बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी.

ही योजना दुष्काळी कामांतून वाढली. दुष्काळ आणि मंदी यांत फरक आहे, हे मला ठाऊक आहे. मंदीत माल पडून असतो आणि गिऱ्हाईक नसते. दुष्काळात मालच नसतो. पण मजुराच्या बाजूने पाहिले तर काम नाही, म्हणून गाठीला पैसा नाही, म्हणून बाजार ओस, ही साखळी दोन्हीकडे सारखीच. १९७० ते ७३ या काळात महाराष्ट्रात ती पूर्ण आवळली गेली होती. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटींच्या आसपास होती. म्हणजे तान्ही मुले आणि म्हातारीकोतारी धरूनसुद्धा दहातले एक माणूस सरकारी हजेरीपटावर, म्हणजे मस्टरवर, होते. एवढ्या प्रमाणावर सार्वजनिक खर्चातून काम पुरवल्याची उदाहरणे जगात फार नाहीत. रूझवेल्ट यांच्या काळातल्या अमेरिकी कार्यक्रमाने १९३५ ते १९४३ या आठ वर्षांत सुमारे ८५ लाख लोकांना काम दिले, त्याच्यावर ग्रंथांच्या राशी आहेत. आमच्या ५० लाखांवर मराठीत किती पुस्तके आहेत?

ते काम कसे चालायचे, हे तरुण मित्रांनी समजून घ्यावे, कारण टिकण्या-न टिकण्याचे कारण तिथेच आहे. तलावाच्या बांधासाठी माती खणायची तर टोळीला चौकडी आखून दिली जायची. पुरुष कुदळीने खणायचा, बाया पाट्या भरून बांधावर माती टाकायच्या. चौकडीच्या मध्ये मातीचा एक उंचवटा न खणता ठेवायचा. किती खोल गेले ते त्यावरून मोजायचे. ओव्हरसियर टेप घेऊन येणार, मापपुस्तकात लिहिणार, त्यावर आठवड्याचा पगार ठरणार. दुसरीकडे खडी केंद्र. हातोडीने दगड फोडायचा, ढीग रचायचा, ढीग मोजला की पैसे. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर सुकडी. त्या पिढीला विचारा, मिलोची चव अजून तोंडात आहे.

आता या दोन कामांकडे अर्थशास्त्राच्या नजरेने पाहा. मजुरी सारखी, घाम सारखा, मस्टर एकाच छापाचे. त्या आठवड्यात किराणा दुकानात जाणारा पैसाही सारखाच. केन्सने बाटल्यांत नोटा भरून खाणीत पुरण्याची आणि लोकांनी त्या उकरून काढण्याची जी कल्पना मांडली, ती इथपर्यंत बरोबर आहे: मागणी निर्माण होते. घरे बांधणे अधिक शहाणपणाचे, हेही त्याने त्याच ठिकाणी म्हटले आहे, पण वर्गात सहसा त्या वाक्यापर्यंत कुणी जात नाही. खडीचा ढीग रस्त्यावर पसरला किंवा पसरला नाही, पावसाळ्यानंतर त्याचे नाव उरले नाही. तलाव मात्र राहिला. तो पाणी धरतो की नाही, यावर पुढच्या वीस वर्षांचे काम ठरायचे होते.

राळेगणसिद्धीचे उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण आपण ते फार भाविकपणे सांगतो, हिशेबाने सांगत नाही. दुष्काळात तिथे पाझर तलाव बांधला गेला. मजुरी वाटली गेली, मस्टर बंद झाले, कागदोपत्री काम पूर्ण. तलाव गळत होता, पाणी थांबत नव्हते. पुढे अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावाने श्रमदान करून ती गळती काढली, आणि मग विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहू लागले. पहिला खर्च मोठा, दुसरा किरकोळ. शेतीतले काम वाढवले ते दुसऱ्याने. पण पहिला झालाच नसता तर दुसऱ्याला करण्यासारखे काही नव्हते. सरकारी खर्चाने टिकाऊ रोजगार निर्माण होतो का, या प्रश्नाला माझे उत्तर या एका तलावात आहे. मस्टरवरचा रोजगार टिकत नाही. तो टिकूही नये. पाऊस पडल्यावर माणसाने शेतावरच जायला हवे. टिकतो तो बांधलेल्या वस्तूच्या आधाराने उभा राहणारा रोजगार, आणि त्यासाठी मस्टर बंद झाल्यानंतरही कुणीतरी त्या वस्तूकडे पाहत राहावे लागते.

रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे यांना हे बऱ्याच अंशी दिसले होते. तासगाव तालुक्यातून सुरू झालेल्या त्यांच्या विचाराचा १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम, आणि ते उत्पादक असले पाहिजे. नमुना चार भरून काम मागायचे, सरकारने पंधरा दिवसांत द्यायचे. त्यासाठी प्रत्येक तालुक्यात मंजूर कामे आधीच शेल्फवर तयार ठेवायची, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. संकट आल्यावर कामे शोधायला बसले की खडीच फोडली जाते. स्पेनने २००९ मध्ये घाईघाईने ८०० कोटी युरो नगरपालिकांना दिले. पदपथ आणि चौक नवे झाले आणि २०१३ पर्यंत बेरोजगारी २६ टक्क्यांच्या घरात गेली. त्याची इतर कारणे होती, पण फरशीवर दुसरा रोजगार उभा राहत नाही हेही खरेच. आपल्याकडेही शेल्फवरचा क्रम पाण्याने ठरायचा की पुढाऱ्याच्या रस्त्याने, याचे उत्तर तालुक्यागणिक वेगळे आहे. वि. म. दांडेकर आणि माधव साठे यांनी १९८० मध्येच या योजनेची चिकित्सा केली होती. आपण ती वाचतो का, हा प्रश्न विचारून मी कुणाला संकोचात टाकत नाही.

योजनेतली एक गोष्ट मात्र विशेष जमली. १९९० पासून रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत खड्डे घ्यायचे, कलमे लावायची, मजुरी योजनेतून. पुढचा हप्ता झाडे जगली असतील तरच. या एका अटीने सगळा हिशेब फिरवला. मापपुस्तकाने खड्डा मोजला होता; या अटीने झाड मोजले, आणि तेही पुढच्या वर्षी. कोकणात आंबा-काजू, सांगोल्याकडे डाळिंब, जालन्याकडे मोसंबी, लाखो हेक्टरवर बागा आल्या. डाळिंबाला बहर धरणे, छाटणी, फवारणी, तोडणी, प्रतवारी, पेटी भरणे, ट्रक लावणे असा वर्षभराचा धंदा आला. पुढे तेल्या रोगाने बागाच्या बागा बसल्या, हेही सांगितले पाहिजे. टिकाऊ म्हणजे अमर नव्हे.

आणि बागेसाठी जमीन लागते. पाझर तलावाचे पाणी ज्याची विहीर खाली आहे त्याला. पाट्या वाहणारी भूमिहीन बाई त्या तलावाची धनी कधीच झाली नाही. तिला वाढलेल्या शेतीत मजुरी मिळाली, तीही मिळाली तर. बीडसारख्या जिल्ह्यात दशकानुदशके रोजगार हमीची कामे झाली, तरी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला कोयता चालतोच. योजनेचा अभिमान बाळगणाऱ्या माझ्यासारख्याने हे टाळून पुढे जाऊ नये. हिवरे बाजार गावाने मिळालेल्या पाण्याला नियम लावले, शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. गाव सोडून गेलेली कुटुंबे तिथे परत आली. बहुतेक गावांनी नियम लावले नाहीत. आलेले पाणी उसाने आणि खोल बोअरने ओढून घेतले.

२०२० कडे एक नजर टाकून थांबतो. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन जवळपास एक चतुर्थांशाने घसरले. पुण्या-मुंबईहून लोक चालत गावी गेले. त्या आर्थिक वर्षात केंद्राच्या ग्रामीण रोजगार योजनेवर देशभरात ११ कोटींहून अधिक लोकांनी काम केले. शहरे उघडली तसे त्यांतले पुष्कळ परत गेले. योजना फसली असे काहींनी त्यावरून लिहिले. मला तसे वाटत नाही. अडीअडचणीला धरायला काठी मिळाली, ती सोडून माणूस चालू लागला, यात काठीचा दोष कसला? दोष शोधायचाच तर त्या वर्षी खणलेल्या शेततळ्यांत आणि विहिरींत आज पाणी आहे का, हे कुणी जाऊन पाहिले नाही, तिथे शोधावा.

तेव्हा या परिषदेला माझी विनंती एवढीच आहे. आपल्यापैकी प्रत्येक महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागाने आपल्या तालुक्यातले, दुष्काळी किंवा हमीच्या कामातून झालेले एक जुने काम निवडावे. त्याचे जुने मस्टर मिळाले तर पाहावे, नाही मिळाले तर त्या कामावर गेलेल्या बाया अजून आहेत, त्यांना विचारावे. आज त्या कामाच्या खाली किती एकर भिजते, किती जणांना वर्षातून किती दिवस काम मिळते, त्यांत जमीन नसलेले किती, आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली, एवढे चारच प्रश्न. विद्यार्थ्यांना सोबत न्या. पुढच्या अधिवेशनात निबंधांऐवजी हे तक्ते वाचू, आणि एक प्रत मंत्रालयात रोजगार हमी विभागाला पाठवू.