एकच प्रोग्रॅम, वेगवेगळ्या चिप



बारामतीहून इंदापूरकडच्या एका शाळेत मी मराठी टायपिंगच्या सरावाचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन गेलो. माझ्या लॅपटॉपवर तो छान चालायचा. शाळेत होते तळहातावर मावणारे रास्पबेरी पाय. मराठी फॉन्ट बसले, पण प्रोग्रॅम सुरूच होईना. मुलं ताटकळली. चूक माझीच होती.

फॉन्ट म्हणजे नुसती माहिती, ती कुठेही चालते. प्रोग्रॅम मात्र प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये उतरवलेला असतो. इंटेल-एएमडीच्या आज्ञा वेगळ्या, एआरएमच्या वेगळ्या. म्हणून डेबियन लिनक्समध्ये फॉन्टचं पॅकेज सगळ्यांना एकच असतं. प्रोग्रॅमचं मात्र एकाच मूळ कोडवरून प्रत्येक चिपसाठी वेगळं तयार करतात. २०२५ च्या डेबियन १३ मध्ये रिस्क-फाइव्ह चिपची भर पडली, पण जुन्या ३२ बिटी पीसींसाठीचा इन्स्टॉलर बंद झाला.

मूळ कोड सोबत होता, म्हणून तिथल्याच संगणकावर पुन्हा कंपाइल केला. पुढच्या तासाला मुलं कीबोर्डवर ‘ळ’ शोधत होती.

आपली बॅच शाळेला संगणक देणार आहे. देण्याआधी एवढंच विचारू या: आत चिप कोणती, आणि मुलांचे प्रोग्रॅम तिच्यासाठी मिळतात का?