मुरूड ते सातारा : एक पायवाट



‘कर्वेनगर’ हे नाव दिवसातून कितीदा तरी ओठांवर येते. परंतु ज्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावरून ते पडले, त्यांनी किशोरवयात केलेल्या एका पदयात्रेचे स्मरण मात्र क्वचितच होते. १८७५ च्या सुमारास, भर पावसात, कोकणातील मुरूडचा हा मुलगा मित्रांसह सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला पायी निघाला. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर!

विहाराचे मोल ज्या समाजाला ठाऊक आहे, त्यास पायी चालण्याची थोरवी सांगणे नको. पण साधु-साध्वीही चातुर्मासात विहार थांबवून एका स्थानी राहतात. या मुलांनी नेमके तेच दिवस निवडले. किंबहुना परीक्षेने ते त्यांच्यावर लादले.

कोकणातून देशावर यायचे तर सह्याद्री चढावाच लागतो. खाली भातखाचरे आणि फुगलेले ओढे, वर दाट झाडीतून जाणारी निसरडी वाट, पाऊलभर अंतरावरचेही दिसू न देणारे धुके आणि पायांना चिकटणाऱ्या जळवा. माथ्यावर जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे लागतात. त्यांवर मातीचा थर जेमतेम असतो. पाणी मुरत नाही, साचून राहते. अशाच उपाशी मातीवर कीटक पकडून जगणारी दवबिंदू आणि सीतेची आसवे ही इवली झाडे तग धरतात. साताऱ्याजवळचे कास पठार याच जातीचे. कास पठार आणि कोयना अभयारण्य या दोहोंचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाला. आज तेथे हौसेने जाणारा पदयात्री पायांत चांगले बूट घालतो, पाठीवर शिधा घेतो. त्या मुलांपाशी हे काही नव्हते, आणि फुले पाहण्यास सवडही नव्हती.

एवढे चालून सातारा गाठला आणि परीक्षेला बसण्याची परवानगीच मिळाली नाही. उमेदवाराचे वय सतरा हवे होते. किरकोळ अंगाचा हा मुलगा सतरा वर्षांचा असेल, हे तपासणाऱ्यांना पटेना. आलेली वाट तशीच परत तुडवणे एवढेच हाती उरले.

त्या परतीच्या वाटेवर मनात काय चालले असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी. चालणे मात्र सुटले नाही. १८८४ मध्ये ते गणित घेऊन पदवीधर झाले, पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९०० साली अनाथ बालिकाश्रम पुण्याच्या सदाशिव पेठेतून हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत आला. तेव्हा महाविद्यालयातील काम आटोपून हा प्राध्यापक पायी हिंगण्याची वाट धरी. रस्ता धड नव्हता, पावसाळ्यात तर नुसता चिखल. पण सह्याद्रीचा पाऊस अंगावर घेतलेल्या माणसाला या चार पावलांचे काय वाटावे!

हिंगण्याची ती झोपडी संस्थेच्या आवारात जपून ठेवलेली आहे. कासला निघण्यापूर्वी कर्वेनगरातील मुलांना घरून चालत जाऊन ती पाहता येईल.