परीक्षार्थीच परीक्षक नेमतो तेव्हा
(वाडी, नागपूर येथील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



अंबाझरीच्या आयुध निर्माणीच्या शेजारी, अमरावती मार्गाच्या कडेने वाडी वाढली. याच वाडीत ९ एप्रिल २०२१ च्या रात्री एका खाजगी रुग्णालयात आग लागली. अतिदक्षता विभागातले करोनाग्रस्त रुग्ण स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकत नव्हते. चौघांचा बळी गेला. त्याआधी बरोबर तीन महिने, ९ जानेवारीस, भंडाऱ्याच्या शासकीय जिल्हा रुग्णालयात आगीने १० नवजात बालके हिरावली होती. म्हणजे प्रश्न केवळ खाजगी मालकांचा नाही. शासन स्वतः मालक आहे तेथेही तो तितकाच बिकट आहे.

कायदा नाही काय? आहे. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम महाराष्ट्राने २००६ साली केला. मालकाने वा भोगवटादाराने दर जानेवारीत व जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दाखल करावे, असे तो सांगतो. परंतु ही संस्था निवडतो कोण? मालक. तिची फी देतो कोण? तोही मालकच. ज्याची परीक्षा, त्यानेच परीक्षक नेमायचा!

बांधकाम कायद्यांच्या सुधारणेची चर्चा मात्र 'परवानग्या कमी करा' या घोषणेपाशीच थांबते. ही घोषणा सर्वस्वी खोटी नाही. दोन खोल्यांच्या घरासाठी कचेरीचे उंबरठे झिजवणाऱ्या कामगाराला सुटका हवीच. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीने लहान भूखंडांवरील परवान्याची रीत सोपी केली, हे योग्यच झाले. पण स्वतःच्या कुटुंबापुरते घर बांधणारा कामगार आणि शेकडो परक्यांचे जीव ताब्यात घेणारे रुग्णालय यांना एकच माप लावणे म्हणजे समता नव्हे.

म्हणून सुधारणेची दिशा स्पष्ट असावी. तपासणीची फी मालकाने सार्वजनिक निधीत भरावी आणि तपासनीस चिठ्ठी टाकून नेमला जावा. प्रमाणपत्र मराठीत, दर्शनी दाराशी लावावे. तेथील कामगारांना तपासणीच्या वेळी हजर राहण्याचा हक्क असावा. खोटी सही करणाऱ्याइतकाच, तपासणी टाळणारा अधिकारीही जबाबदार धरला जावा.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. दर जानेवारीत व जुलैत कार्यकर्त्यांच्या तुकड्यांनी वाडीतील रुग्णालये, शाळा व गुदामे यांच्या दाराशी जावे आणि एकच प्रश्न विचारावा: प्रमाणपत्र कोठे आहे? जेथे उत्तर मिळणार नाही, तेथे चळवळीचे काम सुरू होते.