बटाईचे इंजिन



मुलुंडच्या या आपल्या महाविद्यालयातील प्रदर्शनात मी आज विद्यार्थ्यांनी घडविलेला एक संगणकीय खेळ पाहिला. घाटकोपर स्थानकातून मेट्रोकडे जाणारा जिना आणि त्यावरून धावणारी एक मुलगी, एवढाच त्याचा विस्तार; परंतु प्रारंभी तिचे पाऊल प्रत्येक पायरीत बोटभर रुतत असे आणि ते नेमके पायरीवर टेकावे म्हणून या विद्यार्थ्यांनी रात्री जागविल्या, हे ऐकून मला अपार संतोष झाला.

ज्या अनरिअल इंजिनावर हा खेळ उभा आहे, ते पडद्यावरील प्रकाश, छाया, गुरुत्वाकर्षण आणि आघात यांचे गणित सेकंदास तीस-साठ वेळा नव्याने मांडते. एपिक गेम्स या अमेरिकन कंपनीची ही सामग्री, मूळ सोर्स कोडसह, पूर्वी मोठमोठ्या करारनाम्यांवाचून हाती येत नसे. २०१४ साली ती दरमहा १९ डॉलरांना मिळू लागली आणि २ मार्च २०१५ रोजी तेही शुल्क रद्द होऊन, मूळ सोर्स कोडसह, ती सर्वांस खुली झाली. हा दानधर्म नव्हे. बटाईने जमीन देणारा मालक पीक हाती आल्यावर आपला वाटा घेतो, तशीच ही तजवीज आहे: उत्पन्न ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की वरच्या रकमेतील सर्वसाधारणपणे पाच टक्के कंपनीचे. ती मर्यादा प्रथम दर तिमाहीस ३,००० डॉलर होती, २०२० पासून एकूण दहा लाख डॉलर झाली. मला ही व्यवस्था न्याय्य वाटते. तथापि परवान्याचा मसुदा कलमवार वाचल्यावाचून त्यास कोणीही संमती देऊ नये.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने याच इंजिनावर ‘राजी’ हा खेळ रचला. २०१७ साली त्यांचा लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. परंतु मंडळींनी काम सोडले नाही, एपिकचे अनुदानही त्यांस लाभले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या खेळास ‘द गेम अवॉर्ड्स’ या पुरस्कारांत सर्वोत्तम पदार्पणासाठी नामांकन मिळाले. त्यातील पहाडी चित्रशैलीचे रंग आणि छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा मात्र कोणत्याही इंजिनात तयार मिळत नाहीत. आपल्या सिंधुदुर्गात, पिंगुळीच्या ठाकर कलावंतांकडे, चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा आजही जिवंत आहे. तुम्हा विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी ती शिकण्यासाठी तेथे जाऊन बसावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

इंजिन विनामूल्य झाले, संगणक झाला नाही. इंजिनास लागणारे ग्राफिक्स कार्ड भांडुप-मुलुंडच्या सामान्य कुटुंबास सहज परवडत नाही, आणि दोन खोल्यांच्या घरात रात्री दिवा लावून बसावे तर इतरांची झोपमोड होते. म्हणून प्राचार्यांकडे माझी दरखास्त आहे की, संगणक प्रयोगशाळा रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावी आणि दोन सक्षम संगणक या कामासाठी राखून ठेवावेत. त्यांपैकी एकाच्या खर्चाचा धनादेश मी आजच कार्यालयात जमा करीत आहे.