सोमवारचे पाच हजार रुपये

इ. स. 1630 साली पावसाने पाठ फिरविली आणि गुजरात, खानदेश व दख्खन या मुलखांत भीषण दुष्काळ पडला. शहाजहान बादशहाचा मुक्काम त्या वेळी तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात होता. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी सांगतो की, बादशहाने अन्नछत्रे उघडविली आणि दर सोमवारी 5,000 रुपये गरिबांना वाटण्याची आज्ञा दिली. वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेले. शिवाय सुमारे 70 लाखांचा सारा माफ झाला. त्याच्या हिशेबाने ही सूट एकूण वसुलाच्या अकराव्या हिश्शाइतकी होती.

हे औदार्य खोटे म्हणता येणार नाही. पण त्याचा हिशेब नीट मांडावयास हवा. सोमवार का? तो बादशहाच्या राज्यारोहणाचा वार होता. भूक तर मंगळवारीही लागते! साऱ्याची सूट ज्याच्याकडून सारा यावयाचा त्याला. मागावर बसणाऱ्या विणकराच्या पदरात तिने काय पडणार? आणि अकरांतले दहा हिस्से देणे राहिलेच होते.

त्याच शहरात सरकारी खर्चाचा दुसरा एक नमुना आहे. 1615 साली अब्दुर्रहीम खानखानानच्या अमदानीत कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यात अडवून, ओळीने खोदलेल्या कुंड्यांतून ते शहरापर्यंत आणले. चार शतके लोटली, तरी ते पाणी वाहते. त्यासाठी कोणत्याही वाराची वाट पाहावी लागली नाही, की कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

दुष्काळात मजुराला मिळणारी मदतही अशीच हक्काची करता येईल काय? 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने याचे उत्तर दिले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना 1977 साली कायद्यात उतरली. तिच्यासाठी 1975 पासून व्यवसाय कर बसविला होता. जितका कर जमेल तितकीच भर शासनाने घालावयाची होती. शहरातल्या पगारदाराने कर द्यावा आणि खेड्यातल्या मजुराने काम मागावे, असा तो करार होता. मजूर आता याचक उरला नाही. तो हक्कदार झाला.

2023 साली मध्य प्रदेशात लाडली बहना योजना सुरू झाली आणि प्रारंभी दरमहा 1,000 रुपये स्त्रियांच्या बँक खात्यांत जमा होऊ लागले. गरीब घरात अशा रकमेचे मोल मोठे असते. मात्र साबणाच्या वडीवर कर भरणारी ती गृहिणीही त्याच खजिन्याची भरणाकर्ती आहे, हे देणाऱ्याने विसरू नये. शासनाची तिजोरी म्हणजे राजाची थैली नव्हे. म्हणून कोणतीही योजना पारखताना रकमेबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: ही मदत देणाऱ्याच्या सोयीच्या दिवशी येते, की घेणाऱ्याच्या गरजेच्या दिवशी?