जुन्या फाइलीचे कुलूप

शाळेच्या जनरल रजिस्टरचे मोल गुरुजींना सांगायला नको. वीस वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेला विद्यार्थी एक दिवस दारात उभा राहतो नि म्हणतो, "गुरुजी, दाखला हरवला, दुसरा द्या." त्याची जन्मतारीख, जात, प्रवेशाचा दिवस, सारे त्या एका ओळीत असते. अशा नोंदी पुढे कुठे शाळेत, कुठे पतसंस्थेत, मायक्रोसॉफ्टच्या 'ॲक्सेस' या कार्यक्रमात भरल्या गेल्या, आणि कुणी बदल करू नये म्हणून त्यांना कुलूपही घातले गेले. आता संगणक नवा, ॲक्सेसची आवृत्ती नवी, आणि फाइल काही उघडेना!

अशा वेळी फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकू नका. आधी कुलूप कोणते ते पाहा.

जुन्या फाइलीच्या नावाअखेर 'एमडीबी' ही अक्षरे असतात. उघडताना ती नुसता परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, मागत असेल तर कुलूप साधे. पण पूर्वी नाव आणि पासवर्ड दोन्ही मागत असे, आणि आता 'तुम्हाला अधिकार नाही' एवढेच सांगते, तर तिची किल्ली दुसऱ्या फाइलीत आहे असे समजा. त्या फाइलीच्या नावाअखेर 'एमडीडब्ल्यू' असते. कुणाला काय पाहता येईल, याची यादी ठेवणारी ही फाइल. नवा संगणक आणताना नोंदी तेवढ्या आणल्या आणि ही राहून गेली, की घोटाळा झालाच.

म्हणून जुना संगणक भंगारात देण्याआधी ती शोधा. दोन्ही फाइलींच्या प्रती करा आणि काम प्रतीवरच करा. मग ॲक्सेस सुरू करण्याच्या आज्ञेत एमडीबीचा पत्ता, त्यापुढे तिरकी रेघ, तिला जोडून डब्ल्यू, आर, के, जी, आर, पी ही इंग्रजी अक्षरे, आणि शेवटी एमडीडब्ल्यूचा पत्ता द्यावा. नाव-पासवर्ड विचारला, म्हणजे किल्ली लागली!

किल्ली हरवलीच असेल, तरी एक वाट आहे. ती तयार करताना दिलेले नाव, संस्था आणि संकेतक्रमांक, तसेच वापरकर्त्याचा स्वतंत्र संकेत, कुणी वहीत टिपून ठेवला असेल, तर तीच किल्ली पुन्हा घडवता येते. मात्र लहान-मोठी अक्षरेसुद्धा जशीच्या तशी हवीत.

आणखी एक अडचण आहे. फाइल ॲक्सेस ९७ ची असेल, तर २०१३ पासूनच्या आवृत्त्या ती उघडत नाहीत. २००३, २००७ किंवा २०१० ची आवृत्ती कुठे शिल्लक असेल तिथे, सर्व अधिकार असलेल्या नावाने ती उघडून नव्या स्वरूपात घ्यावी लागते. २००७ साली आलेल्या नव्या स्वरूपात वापरकर्त्यांचे वेगवेगळे अधिकार राहत नाहीत. रूपांतर झाले की फाइल सर्वांना मोकळी होते. तेव्हा लगेच नवा पासवर्ड घाला. मुलांची माहिती आहे ती, चव्हाट्यावर येता कामा नये. त्याच कारणाने कुलूप फोडून देणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती फाइल देऊ नये.

हा प्रश्न तसा आपल्याला नवा नाही. मोडीतली दप्तरे घ्या. कागद शाबूत, शाई शाबूत; पण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी व्यवहारातून गेली आणि वाचणारे विरळ झाले. २०२३ साली राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणकारांची गरज सर्वांनाच कळून आली. नोंद जपायची तर ती वाचण्याचे साधनही जपावे लागते.

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही, हे आपल्या सोलापूरकडच्या माणसाला कुणी शिकवायला नको. या सुट्टीत जुना संगणक एकदा उघडून पाहा. दोन्ही फाइलींच्या प्रती दोन निराळ्या ठिकाणी ठेवा, त्यातल्या नोंदी एकदा कागदावर छापून घ्या, आणि नाव, संकेत, पासवर्ड पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. आपली बदली होईल, संगणक बदलेल. पण दाखला मागणारा विद्यार्थी याच शाळेच्या दारात येणार आहे.